मोर्ये कंपाउंडर सांगत नसत

मोर्ये कंपाउंडर चांगले होते का, असं कुणी विचारलं तर मी ‘हो’ म्हणते आणि म्हणता म्हणता अडखळते. आई होती तोवर ती ‘नाही’ म्हणायची, पण तीही पुढे काही न बोलता पदराने चष्मा पुसत बसायची. माझा भाऊ अशोक या विषयावर बोलतच नाही. एकाच घरातल्या माणसांनी एकाच माणसाला इतकी वर्षं पाहिलं आणि त्याच्याबद्दल आमचा कधी निकाल लागला नाही.

भांडुपला टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती. बहुतेक मंडळी कोकणातली, पुरुष गिरणीत नाहीतर आसपासच्या कारखान्यांत. चाळ उतरून रस्त्याला लागलं की डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर मुलुंडहून यायचे, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास. मधला सगळा वेळ दवाखाना मोर्येकाकांचा. ते मागच्याच खोलीत एकटे राहायचे. बायको आणि दोन मुली मालवणकडे, गावात. शिमग्याला ते आठ दिवस जाऊन यायचे, तेवढे आठ दिवस अख्खी चाळ खोकत असायची.

उंच, मानेत जरासे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाजवळ गुलाबी मिक्स्चरचा कायमचा डाग. औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची असे तेव्हा. ते कागद दुमडून कात्रीचे चार चावे घेत आणि पट्टी उलगडली की दोन्ही कडांना सारख्या खाचा पडलेल्या असत. आम्ही मुली ते बघायला खिडकीशी उभ्या राहायचो. बाटली हातात देताना ते कुणाला काय झालंय ते कधी मोठ्याने बोलले नाहीत. कुणी बाईने उगाच चौकशी केली, “काय हो, समोरच्या सूनबाई कशासाठी आल्या होत्या?” तर ते बाटली हलवत म्हणायचे, “बाटलीवर नाव नसता. डोस असता.” बाई समजायची आणि गप्प बसायची.

त्यांची खरी ख्याती नाकाची. तपकीर नाही, विडी नाही, डोक्याला वासाचं तेलसुद्धा नाही. नाक खराब होतं म्हणायचे. मी दारात उभी राहिले की तिथूनच विचारायचे, “गो बायो, आवशीन आज बांगडे तळल्यान काय? त्यातलो एक नरम होतो.” घरी येऊन आईला सांगितलं की ती खवळायची, कारण एक बांगडा खरंच नरम, शिळा निघालेला असायचा. लहान मुलाच्या तोंडाचा वास घेऊन ते जंत आहेत की पोट बिघडलंय ते सांगत, आणि डॉक्टर संध्याकाळी येऊन तेच सांगत.

ही साठाच्या दशकातली गोष्ट. दारूबंदी होती, म्हणजे कायद्यात होती. टेकडीपलीकडे पवईच्या बाजूला झाडीत भट्ट्या लागत, आणि पूर्वेला खाडीकडच्या तिवरांतही. ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून दारू खाली यायची. कुठल्या पत्र्याच्या खोलीत नवटाक दारू मिळते हे चाळीतल्या मोठ्यांना माहीत होतं आणि पोरांनाही. विकत घेणाऱ्याच्या ओठांवर मिसरूड फुटलंय की नाही हे तिथे कुणी बघत नसे.

अशोकची अकरावीची परीक्षा संपली त्या दिवशी दुपारी आईने मला खोकल्याचं औषध आणायला पाठवलं. मी तेरा वर्षांची होते. दवाखान्याचं दार अर्धं लोटलेलं. आत गेले तर बाकावर माझा भाऊ कुशीवर झोपवलेला, पाठीशी टॉवेलाची गुंडाळी, खाली बादली. मोर्येकाका जमिनीवर बसून त्याच्या तोंडात बोट घालून आतलं साफ करत होते. भिंतीला टेकून त्याचे दोन मित्र बसले होते, वरच्या रांगेतला परबांचा मधू आणि कोळीवाड्यातल्या पार्वतीबाईंचा दिनू. पार्वतीबाई आमच्या चाळीत मासे घेऊन यायच्या. दिनू त्यांचा एकुलता एक, आणि शाळेत अशोकच्याच बाकावर बसायचा.

काकांनी मला पाहिलं, पण बाहेर घालवलं नाही. ते पोरांना सांगत होते, “उताणो ठेवलास तर मरतलो. ओकारी घशात जाता. दारून मरनत नाय इतके, आपल्याच ओकारीन मरतत. चालवूचा नाय, थंड पाणी ओतूचा नाय, काळी कॉफी पाजूची नाय. कुशीर ठेवायचो, आंगार चादर, आणि श्वास मोजूचो. हाक मारून जागो झालो नाय, श्वास अडखळाक लागलो, तर टॅक्सी. पोलीस काय करतत ता मगे बघूया.”

मग त्यांनी मधूच्या हातात टेबलावरचं घड्याळ दिलं आणि दिनूला श्वास मोठ्याने मोजायला लावले. दिनू मोजत होता. सतरा, अठरा, एकोणीस. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मोजणं चुकत नव्हतं. तीन तास ते दोघे तसे बसून होते. मी औषध घेऊन घरी गेले, पुन्हा काहीतरी निमित्त काढून आले, तरी मोजणं चालूच.

संध्याकाळ व्हायच्या आत अशोक शुद्धीवर आला. काकांनी त्याला स्वतः घरी आणून सोडलं आणि आईला सांगितलं, “ऊन लागला वैनी. दोन दिवस परीक्षेचो ताण, त्यात ह्या ऊन.” आईने घाईने कोकमाचं सरबत केलं. जाताना त्यांनी जिन्यात मला थांबवलं.

“तुका काय दिसला?”

“दादा झोपला होता.”

“तो झोपलोच होतो. खोटा नाय ता,” ते म्हणाले आणि खाली उतरले.

मला त्या दिवशी काकांचा अभिमान वाटला. आपल्या भावाला त्यांनी वाचवलं, वरून अब्रूही राखली. त्याचबरोबर, आई रात्री दादाच्या कपाळावर कांद्याचा रस चोळत बसली होती तेव्हा मला तिच्याकडे बघवत नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटू शकतात ते मला कळत नव्हतं.

अशोकने एकदा त्यांना विचारलं होतं, तुम्ही घरी का सांगितलं नाही म्हणून. ते म्हणाले, “सांगलंय तर परत कोण माझ्याकडे येतलो? मगे तुमी पोरां खय जातलास? थयच झाडीत पडान रवतलास.” हे मला अजूनही पटतं. पुढचं सगळं पाहूनही पटतं, हीच अडचण आहे.

पण नुसतं गप्प राहून ते थांबले नाहीत. सुट्टीत दुपारी त्या तिघांना ते बोलावून घ्यायचे. काय चालतं ते बघायला मी एकदा रिकामी बाटली परत द्यायच्या निमित्ताने गेले. आत नाटक चाललं होतं. मोर्येकाका खुर्चीवर पाय पसरून बसले होते, शर्टाची वरची बटणं उघडी, आणि कारखान्यातला कुणी थोराड गडी बोलावा तसे बोलत होते. हातात मापाचा ग्लास, त्यात पाणी. पोरांनी नाही म्हणायचं होतं.

“घे रे मधू. एका घोटानं काय होता?”

“नको. आई रागावेल,” मधू म्हणाला.

“आवस बघूक येता काय हय?”

“माझं पोट बिघडलंय.”

“मगे घेच. पोटाक बरी.”

काकांनी ग्लास खाली ठेवला आणि आपल्या आवाजात आले. “बघ. कारण दिलंस की समोरचो त्या कारणाचो पाय मोडता. दुसरा दिलंस, दुसऱ्याचो मोडता. कारणा संपतत, मगे पितास. कारण देवच नको. नको म्हण आणि ऊठ. बसान रवलास की हरलास.”

अशोकने ‘नको’ म्हटलं, पण इतकं हळू की काकांनी ऐकायला कानामागे हात धरला. मग दिनू. तो उभा राहिला, काकांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “नको. मी घेत नाही. चला, येतो,” आणि खरंच दार उघडून बाहेर निघून गेला. मी दाराआड होते, माझ्यावरच आदळला. आत काका टाळ्या वाजवत होते. मी त्यांना एवढं खूष कधी पाहिलं नव्हतं.

आणखीही काय काय सांगायचे. जिथून एकट्याला परत येता येत नाही तिथे जायचं नाही. जाताना दोघं गेलात तर येताना दोघंच या, मध्ये कुणाला सोडायचं नाही. रिकाम्या पोटी तर नाहीच. आणि जो मित्र ‘नको’ ऐकून हसतो त्याच्याबरोबर सिनेमालासुद्धा जायचं नाही. मला वाटतं त्या काळी दुसरं कुणी मोठं माणूस पोरांशी या विषयावर असं साधेपणाने बोललेलं नव्हतं. घरी एकतर तो विषयच नव्हता, नाहीतर पट्टा होता.

अशोकने परत घेतली नाही. मधूने घेतली असावी, दोन-चारदा. दिनू मात्र त्यानंतरच्या दीड वर्षात दोन वेळा दवाखान्याच्या बाकावर कुशीवर झोपला. आधीची ती परीक्षेची दुपार धरली तर पिऊन तिथे आला तो तीनदा, कारण त्या दिवशी श्वास मोजणारा दिनूही थोडी प्यायलेलाच होता, हे मला पुढे कळलं. सगळ्यांत चांगलं ‘नको’ म्हणणारा पोरगा. काकांनी त्याला ताकीद दिली, समजावलं, एकदा त्याच्यासमोर हात जोडले असं अशोक सांगतो. पार्वतीबाईंना सांगितलं नाही. त्या रोज सकाळी टोपली घेऊन यायच्या, दवाखान्याच्या पायरीवर टेकायच्या, काकांना दोन बोंबील ठेवून जायच्या.

दिनूला सतराव्या वर्षी एका कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतलं. पहिला पगार झाला त्या दिवशी तिथली मोठी माणसं त्याला खाडीकडच्या गुत्त्यावर घेऊन गेली. बाकीचं नंतर कळलं: त्या दारूत कुणीतरी लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट मिसळलं होतं. रात्री दिनू घरी आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिंत धरत धरत दवाखान्यात आला.

मी तिथे होते. आईच्या दम्याचं औषध न्यायचं होतं. ऑक्टोबर महिना, बाहेर ऊन रणरणत होतं. दिनूने दारात उभं राहून विचारलं, “काका, धुकं पडलंय का?”

काका जागेवरून उठले, त्याची हनुवटी धरली आणि तोंडाचा वास घेतला. मग मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला भीती वाटली. त्यांनी तसंच दिनूला दंडाला धरून रस्त्यावर नेलं, समोरून येणाऱ्या टॅक्सीच्या अगदी आडवे उभे राहिले, आणि दवाखाना तसाच उघडा टाकून गेले. मी डॉक्टर येईपर्यंत त्या उघड्या दवाखान्यात बसून राहिले. कुणी आलं तर काय सांगायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच गुत्त्यावरचा एक माणूस त्या संध्याकाळी गेला. दिनू वाचला. डॉक्टरांचं म्हणणं होतं, अजून काही तास उशीर झाला असता तर तोही गेला असता, तेव्हा कंपाउंडरने जीव वाचवला. डोळे मात्र नाही वाचले. उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला पुढे कळायचं.

हॉस्पिटलातून दिनूला घरी आणल्यावर चार-पाच दिवसांनी पार्वतीबाई दवाखान्यात आल्या. टोपली नव्हती. संध्याकाळची वेळ, बाकावर पाच-सहा पेशंट, मीही. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

“कंपाउंडरभाऊ, तुला ठावं व्हतं?”

काका पट्टी कातरत होते. कात्री थांबली. “होय.”

“किती डाव आणलेला त्याला हितं?”

“तीन.”

पार्वतीबाईंना मी बाजारात भांडताना ऐकलेलं होतं, त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा. त्या वेळी तो खिडकीपलीकडेही जेमतेम गेला. “मी रोज हितं बसते. रोज तुझं तोंड बघते. मना एक डाव सांगाचा व्हता. मी मारला असता, बांधून ठेवला असता, गावाला नेला असता. काय केला असता मना ठावं नाय. पण मना करू द्याचा व्हता.”

त्या वळून गेल्या. काकांनी पट्टी उलगडली. खाचा एका बाजूला होत्या, दुसऱ्या बाजूला नव्हत्या. ती त्यांनी तशीच बाटलीवर चिकटवली.

पंधरा दिवस ते कामापुरतं बोलले. मग एका रविवारी सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. वडील घरी होते. आईने चहा टाकला. काका बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी परीक्षेच्या दिवशीची सगळी हकीकत सांगितली. ऊन लागलं नव्हतं, हेही. अशोक खाटेवर बसून होता, तो तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि दीड-दोन वर्षांत त्याने थेंबाला हात लावला नव्हता. त्याने काकांकडे असं पाहिलं, की मी तसं पाहणं पुन्हा कधी कुणाच्या डोळ्यांत बघितलेलं नाही.

आई माझ्याकडे वळली. “तुला माहीत होतं?”

मी मान हलवली.

“तेरा वर्षांची होतीस तू,” ती म्हणाली. मग काकांना म्हणाली, “माझ्या पोरीला तुम्ही खोटं बोलायला लावलंत, भाऊजी.”

“लावलंय,” काका म्हणाले. “आणि एक रवला. दुसऱ्यांचा सांगलंय, आता माझा सांगतंय. मी चौदाव्या वर्षी पयली घेतलंय. गावात, देवीच्या जत्रेक, मामान दिल्यान. ती पयली अजून संपूक नाय. रोज दवाखानो बंद केल्यार घेतंय. थोडीच. पण रोज.”

मी त्या माणसाच्या समोर शेकडो वेळा उभी राहिले होते. त्यांच्या अंगाला नेहमी स्पिरिटचा वास यायचा, आणि कंपाउंडरच्या अंगाला तो यायचाच. जो माणूस दारातून आमच्या बांगड्याचा वास ओळखायचा, त्याचा स्वतःचा वास आमच्यापैकी कुणाला आला नव्हता.

वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मग पोरांना कुठल्या तोंडाने शिकवत होता?”

“ह्याच,” काका म्हणाले. “दुसरा नाय माझ्याकडे.”

ते गेले. चहा तसाच राहिला. आईने त्यांच्याकडून औषध आणणं बंद केलं; मला मुलुंडला पाठवायची, दम लागला तरी. अशोकचं म्हणणं एवढंच होतं, की जे संपलं होतं ते कशाला उकरलं. आईचं म्हणणं, मला कळायलाच हवं होतं. दोघंही खरंच बोलत होते आणि त्यामुळे भांडण मिटण्याची काही सोय नव्हती.

आमच्याकडून निघून काका वरच्या रांगेत परबांकडे गेले होते. परबांनी अर्धंच ऐकून घेतलं. काका अजून दारात उभे असतानाच त्यांनी मधूला गॅलरीत ओढलं आणि कमरेच्या पट्ट्याने मारलं. अख्खी चाळ दारात आली. काका मध्ये पडले, त्यांच्या दंडावरही दोन वळ उठले. “मारूक नाय सांगलंय, परब. मी मारूक नाय सांगलंय,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी मधू घरातून गेला, तो आला नाही. वर्षभराने त्याच्या आईला एक कार्ड आलं, त्यावर ‘मी बरा आहे’ एवढंच, पत्ता नाही. परबकाकू ते कार्ड घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या, शिक्क्यावरचं गाव वाचून द्या म्हणायला. शिक्का पुसट होता. काकांनी भिंगातून पाहिलं, तरी लागलं नाही.

त्यानंतर दवाखान्याच्या बाकावर पोरं येईनाशी झाली. पिणं थांबलं म्हणून नव्हे. खालच्या वस्तीतला एक मुलगा टेकडीवर बेशुद्ध पडला, तर त्याचे मित्र त्याला तसाच टाकून पळून आले, कारण कंपाउंडरकडे नेलं तर तो घरी सांगतो. सकाळी लाकडं गोळा करायला गेलेल्या बायकांना तो सापडला. कुशीवर पडला होता म्हणून वाचला, एवढंच. मित्रांनी ठेवला होता की आपोआप तसा पडला, कुणास ठाऊक.

काका दर रविवारी कोळीवाड्यात जात, असं कळायचं. दिनू खुर्च्यांना वेत विणायला शिकला होता. काका त्याच्याजवळ जाऊन बसायचे. पार्वतीबाई त्यांना ‘या’ म्हणत नसत आणि ‘जा’ही म्हणत नसत. दिनू त्यांच्याशी नीट बोलायचा. त्याला त्यांचा राग नव्हता. तो म्हणायचा, “काकांनी शिकवलं तसं मी म्हणालो होतो. नको म्हणालो. उठलो नाही फक्त.”

मी नोकरीला लागले त्या वर्षी, एका दुपारी, न राहवून दवाखान्यात गेले. आई घरी नव्हती. काका बरेच थकले होते. मला बघून त्यांनी काही आश्चर्य दाखवलं नाही, स्टूल पुढे केलं.

मी विचारलं, “काका, सांगायला हवं होतं की नको?”

“माका ठावक नाय गो. मी दोनय करून बघलंय.”

ते बाटल्या पुसायला लागले. मग स्वतःहून बोलले. “कधी कधी वाटता, तिसरा एक होता. पोराक हात धरून घराक नेऊक होया होता. तो सांगतलो, मी बाजूक उभो. मारूक आले तर माका आदी लागतला. पार्वतीबाय आयकली असती. परबय कदाचित.”

“मग का नाही नेलंत?”

“त्या पोरान माझा नाव सांगल्यान असता तर? माझोच वास येता होतो त्याका. पोरांका येता होतो गो. मोठ्यांका येय नाय होतो.”

म्हणजे अशोकला माहीत होतं. त्या खुर्चीवर पाय पसरून बसलेला थोराड गडी काका इतका हुबेहूब कुठून करायचे, हे त्या तिघांना तेव्हाच कळलं असणार, आणि तरी ते त्यांचं ऐकत होते. की त्यामुळेच ऐकत होते? की त्यामुळेच दिनूने पुरतं ऐकलं नाही? मी घरी येऊन अशोकला विचारलं. तो म्हणाला, “सोड ना आता,” आणि शर्ट चढवून बाहेर गेला.

पुढे डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. काका गावी गेले असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं मानखुर्दला कुठल्याशा दवाखान्यात लागले. माझं लग्न होऊन मी मुलुंडला राहायला आले होते. दारूबंदीही तोवर ढिली झाली होती आणि सरकारमान्य देशी दारूची दुकानं उघड्यावर दिसायला लागली होती.

सत्तराच्या दशकाची अखेर असेल. ऑफिसच्या कामासाठी घाटकोपरला गेले होते, भर दुपारी बसची वाट बघत उभी होते. समोरच अशा एका दुकानाची खिडकी होती आणि तिच्यापुढे सात-आठ जणांची रांग. त्यात मोर्येकाका होते. पांढरा शर्ट, मान आणखी वाकलेली, हातात कापडी पिशवी. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

हाक मारावी का, हे मला ठरवता येईना. त्यांच्यापुढे एक पोरगा होता, पंधरा-सोळाचा. काका वाकून त्याला काहीतरी म्हणाले. पोराने मान उडवली. काका पुन्हा काहीतरी बोलले. तो हसला आणि पुढे बघायला लागला. रांग सरकत गेली, पोराने खिडकीतून घेतलं आणि निघून गेला. आता खिडकीशी काकाच होते. आतल्या माणसाने हात पुढे केला असावा. काका तिथे क्षणभर उभे राहिले, मग काहीही न घेता बाजूला झाले.

मला इतकं बरं वाटलं की मी रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं. तेवढ्यात ते वळले, रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेले आणि शेवटच्या माणसामागे पुन्हा उभे राहिले.

मी थांबले. रांग पुन्हा सरकली. ते पुन्हा खिडकीशी आले, पुन्हा काही न घेता बाजूला झाले, पुन्हा मागे जाऊन उभे राहिले. या खेपेला त्यांच्यापुढे कुणी पोरगा नव्हता. मला दिनूचं ‘उठलो नाही फक्त’ आठवलं. तिसऱ्या वेळी ते खिडकीपासून दोन माणसं दूर होते तेव्हा माझी बस आली. मी चढले आणि बसच्या खिडकीजवळची जागा मिळूनही मागे वळून बघितलं नाही. का बघितलं नाही, तेही मला सांगता येत नाही.